देवाचे नाव आणि लोकांची जमीन

३० मार्च २०२३ रोजी, ऐन रामनवमीस, इंदूरच्या पटेल नगरातील बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू असता पायांखालची फरशी खचली आणि खालच्या जुन्या बावडीत कोसळून ३६ माणसे प्राणांस मुकली. बावडीवर छत घालून वर फरशी केली होती. जागा सार्वजनिक उद्यानाची होती. रहिवाशांनी तक्रार केली होती, महापालिकेने अतिक्रमणाची नोटीसही दिली होती. उत्तर आले ते धर्मभावनेचे. जे पाडकाम आधी व्हावयाचे ते दुर्घटनेनंतर चारच दिवसांनी, ३ एप्रिलला, झाले. कोणाचा गुन्हा किती, हा न्यायालयाचा विषय. आमचा प्रश्न भाविकांस आहे: देवाचे नाव हे मालकीचे खत होते काय?

झोपडीवाल्याकडे पाहा. मध्यप्रदेशाने १९८४ साली कायदा करून शहरांतील भूमिहीनांस ते राहात असलेल्या सरकारी जागेचा पट्टा दिला. पण त्यास तारखेची अट घातली आणि ५० चौरस मीटरांची मर्यादा. निवाऱ्यावाचून ज्याचे चालत नाही त्याच्या हक्कास माप आहे. आपल्या सभामंडपास मात्र ते नको! झोपड्या हटवा म्हणून अर्ज करणारे आम्हीच, आणि देवळाची भिंत उद्यानात सरकली की डोळे मिटणारेही आम्हीच.

कोणी म्हणेल, कब्जा जुना आहे. १९६३ च्या मुदत कायद्याने सरकारला दाव्यासाठी ३० वर्षे आहेत हे खरे. पण विरुद्ध कब्जा सांगणाऱ्यास ‘जमीन दुसऱ्याची, आम्ही ती त्याच्या हक्काविरुद्ध धरून बसलो’ असेच म्हणावे लागते. देवाच्या वतीने हा कबुलीजबाब देण्यास कोण भाविक धजेल? दुसरा म्हणेल, आधी परधर्मीयांची अतिक्रमणे काढा. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशाने रस्ते व उद्याने यांवरील नव्या मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा या सर्वांसच मनाई केली आहे. शेजाऱ्याने कर्ज बुडविले म्हणून आपले फिटत नाही.

ज्या अहिल्याबाईंचे नाव इंदूर अभिमानाने घेते, त्यांनी देशभर देवालये बांधली ती खासगीच्या उत्पन्नातून, राज्याच्या खजिन्यास हात न लावता. तो विवेक आम्हांस हवा. प्रत्येक देवस्थान समितीने आपल्या जागेचा नकाशा स्वतःच मोजून पाहावा आणि अधिक निघेल तेवढी भूमी नोटिशीची वाट न पाहता परत करावी. देवाचे त्यात काही उणे होणार नाही.