अस्मानी, सुलतानी आणि आपण : दख्खनच्या दुष्काळाची दीडशे वर्षे

१/ संकटाविषयी बोलताना मराठी माणूस एक जोडशब्द फार पूर्वीपासून वापरत आला आहे : अस्मानी-सुलतानी. पाऊस न पडणे ही अस्मानी. जाचक सारा, लूट, साठेबाजी आणि राज्यकर्त्यांची अनास्था ही सुलतानी. 'हवामानबदल' हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. अशा वेळी या जुन्या जोडशब्दाकडे पुन्हा पाहणे अगत्याचे वाटते. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/ चौदाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये पडलेल्या दीर्घ दुष्काळाला परंपरेने 'दुर्गादेवीचा दुष्काळ' असे नाव दिले. संकटाला देवीचे नाव दिले की जबाबदारीचा प्रश्न तेथेच मिटतो. देवीचा कोप शांत करता येतो, पण देवीला जाब विचारता येत नाही. माझे म्हणणे असे की, हवामानबदलालाही आपण नकळत हेच स्थान देऊ लागलो आहोत.

३/ १८७६ साली दख्खनवर पावसाने पाठ फिरवली. १८७६-७८ च्या त्या दुष्काळाने मुंबई आणि मद्रास इलाखे, म्हैसूर व हैदराबाद संस्थान होरपळून निघाले. पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असावीत, असा अंदाज आहे. प्रशांत महासागरातील एल निनो त्या वर्षांत अतिशय तीव्र होता, हे आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे अस्मानी खरीच होती. पण मृत्यूंचा सगळा हिशेब तिच्या नावे मांडता येतो काय?

४/ येथे एक तुलना बोलकी आहे. १८७३-७४ मध्ये बिहारात पीक बुडाले तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला आणि सढळ हाताने मदतकार्य केले. भूकबळी जवळजवळ पडलेच नाहीत. मात्र खर्च फार केला म्हणून टेंपल यांच्यावर कडक टीका झाली. १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांनाच दख्खनमध्ये पाठवले; या वेळी काटकसर करण्यासाठी! कामावरच्या मजुराला दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि वर एक आणा, एवढीच मजुरी त्यांनी योग्य ठरवली. देशातून धान्याची निर्यात त्याच काळात चालूच होती.

५/ पुण्याची सार्वजनिक सभा तेव्हा अवघी काही वर्षांची होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले 'सार्वजनिक काका', आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावची माहिती गोळा करून सरकारला निवेदने धाडली. तुटपुंज्या मजुरीविरुद्ध मजुरांनी कामे सोडली तेव्हा सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. पाऊस पाडणे सरकारच्या हाती नाही, पण मजुरी ठरवणे निश्चितच आहे, हा त्या निवेदनांमागचा आग्रह होता.

६/ पुढे रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला. शेतीची कामे थांबली की भूमिहीन मजुराची कमाई थांबते आणि धान्य बाजारात असूनही त्याला ते घेता येत नाही, हे आयोगाने मान्य केले. त्यातूनच दुष्काळ संहिता तयार झाल्या. अवर्षण आणि दुष्काळ या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यामुळे सरकारी कागदावर आले.

७/ आकाशाचा अभ्यासही याच काळात आकाराला आला. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फावरून मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न केला. १९०४ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाने पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील वायुभाराचा लंबक शोधला. १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुण्यातल्या 'सिमला ऑफिस' चौकाच्या नावात हा इतिहास आजही टिकून आहे.

८/ आता १९७२. महाराष्ट्राने त्या शतकातील एक अत्यंत भीषण अवर्षण अनुभवले. तरीही १८७७ सारखे मृत्यूचे तांडव झाले नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती : खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव. मिलो आणि सुकडी हे शब्द त्या पिढीच्या जिभेवर अजून आहेत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. अस्मानी तशीच होती. सुलतानी बदलली होती.

९/ पण कथा येथे संपत नाही. मराठवाड्यातील वृद्ध सांगतात : बहात्तरला खायला नव्हते, पण विहिरीला पाणी होते, आता दुकानात धान्य आहे, पण पाणी नाही. हे वाक्य म्हणजे अर्ध्या शतकाचा सारांश आहे. मधल्या काळात बोअरवेल आली. दख्खनचा बेसाल्ट कठीण खडक. भेगांत आणि मुरमाच्या थरात मुरेल तेवढेच पाणी तो धरतो. आपण ते दरवर्षी भरण्याहून अधिक वेगाने उपसत गेलो.

१०/ त्यात ऊस. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण भागाला आधार म्हणून नीरा डावा कालवा काढण्यात आला. १८८५ मध्ये तो सुरू झाला. ज्वारी-बाजरी तगवण्यासाठी आलेले पाणी कालांतराने उसाकडे वळले. स्वातंत्र्योत्तर सहकारी साखर कारखानदारीने ग्रामीण भागात समृद्धी आणली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण अल्प क्षेत्रावरचे हे पीक सिंचनाच्या पाण्याचा सिंहाचा वाटा घेते आणि कोरडवाहू शेतकरी आभाळाकडे पाहत राहतो. ही सुलतानी आपल्याच मतांनी निवडलेली आहे.

११/ एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. देशभर छायाचित्रे झळकली. त्याच मराठवाड्यात त्या हंगामात उसाचे गाळप झाले होते, ही गोष्ट मात्र छायाचित्रात मावणारी नव्हती.

१२/ मग हवामानबदल खोटा आहे काय? मुळीच नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. पाऊस थोड्या दिवसांत कोसळतो आणि मधले खंड लांबतात. जोराचा पाऊस मुरत नाही, वाहून जातो. म्हणजे पाझरावर जगणाऱ्या दख्खनला हा बदल दुहेरी जाचणार.

१३/ शिवाय ही नवी अस्मानी निखळ अस्मानी उरलेली नाही. कोळसा आणि तेल जाळून माणसानेच ती घडवली आहे, आणि ज्यांनी सर्वाधिक जाळले त्यांना तिची झळ सर्वात आधी बसत नाही. त्या श्रीमंत देशांकडे न्याय मागणे रास्तच आहे. परंतु तो मिळेपर्यंत आपल्या तालुक्यातील पाण्याची वाटणी कोणत्याही जागतिक परिषदेत ठरणार नाही. 'हवामान बदलले, आम्ही काय करणार?' हा पुढाऱ्यांच्या मुखातील उद्गार दुर्गादेवीच्या नावाइतकाच सोयीचा आहे.

१४/ अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) हिवरेबाजारने वेगळी वाट दाखवली. ग्रामसभेने शेतीसाठी बोअरवेल घेण्यास मनाई केली, उसासारखी पिके टाळली आणि दरवर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याचा पायंडा पाडला. पाऊस तेथेही बेताचाच. फरक आहे तो निर्णयाचा.

१५/ दीडशे वर्षे आपण पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतो आहोत. पिकाची पैसेवारी काढतो. पण कोणी, कोठून, किती पाणी उपसले याची नोंद आपल्या गावांत क्वचितच सापडते. पुढच्या वेळी दुष्काळ जाहीर होईल तेव्हा किती टक्के पाऊस कमी पडला, एवढेच विचारून थांबू नये. पडलेला पाऊस कोणाच्या शेतात गेला, तेही विचारावे. सार्वजनिक सभेने आकडे गोळा करून हीच रीत घालून दिली होती.