पुतळा, पडदा आणि पेशंट



गेल्या अंकातल्या गुडघेदुखीवर पुष्कळांचे फोन आले. त्यांची उत्तरं पुढच्या खेपेला. यावेळी माझ्या नातीच्या शिक्षणाबद्दल लिहिते. ती इथे न्यू जर्सीतच नर्सिंग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी आली की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडते आणि म्हणते, "आजी, थांब हं, माझा पेशंट वाट पाहतोय." पडद्यावर एक म्हातारा पलंगावर बसलेला असतो. हिने प्रश्न टाइप करायचा, त्याने उत्तर द्यायचं. चुकीचं औषध दिलं तर तो बिघडतो, पण एक बटण दाबलं की पुन्हा ठणठणीत!

मी मनात म्हटलं, याला काय नर्सिंग म्हणायचं? मी एली कदूरी शाळेतून बाहेर पडले आणि मुंबईतच ट्रेनिंगला लागले. आधी संत्र्यावर सुई टोचायची, मग थेट माणसावर. माझं पहिलं इंजेक्शन ज्या बाईच्या नशिबी आलं ती म्हणाली होती, "हळू गं पोरी." पन्नासच्या वर वर्षं झाली, तो आवाज अजून कानात आहे.

पण नात मला म्हणाली, "आजी, नावं ठेवण्याआधी वाचून तर बघ." वाचलं, आणि थोडी ओशाळलेच. खोटा पेशंट ही काही आजची टूम नाही. कनेटिकटमधल्या हार्टफर्ड हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत १९११ सालीच मिसेस चेस नावाची माणसाएवढी बाहुली आली होती. मार्था चेस या बाहुल्या बनवणाऱ्या बाईंनी ती केली. पोरी तिला उचलायला, कूस बदलायला शिकायच्या.

आणि संगणक? इलिनॉय विद्यापीठात १९६० साली डोनाल्ड बिट्झर यांनी प्लेटो नावाची संगणकावरून शिकवण्याची पद्धत सुरू केली. त्यांची पत्नी मेरीॲन नर्स होती, हे वाचून मला फार बरं वाटलं. तिने अर्बानाच्या मर्सी हॉस्पिटलमधल्या नर्सिंगच्या मुलींसाठी हृदयविकाराच्या रुग्णाच्या शुश्रूषेचा पाठ प्लेटोवर बसवला. उत्तर आयतं मिळायचं नाही, मुलीने स्वतः विचारत विचारत शोधायचं. हे १९६३ च्या सुमाराचं. तेव्हा मी शाळेत टाक दौतीत बुडवून लिहीत होते.

परीक्षेचंही तसंच. इथली लायसन्सची परीक्षा मी कागदावर दिली. १९९४ च्या एप्रिलपासून ती संगणकावर गेली. तुम्ही बरोबर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलात की सोपा. तुमची पातळी यंत्राला कळली की ते आपणहून थांबतं. आमच्या वॉर्डातल्या एका मुलीचा पडदा लवकर बंद झाला, तर ती नापास झाले समजून गाडीत बसून रडली होती. पास झाली होती.

आता मुख्य गोष्ट. नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय संस्थेने दहा कॉलेजांत मोठी पाहणी केली, ती २०१४ साली छापून आली. वॉर्डातल्या तासांपैकी निम्म्यापर्यंत तास असे पुतळ्यांवर आणि बनावट प्रसंगांवर घेतले, तरी मुली काही मागे पडल्या नाहीत. मात्र तिथे शिक्षक मुद्दाम तयार केलेले होते, आणि प्रत्येक प्रसंगानंतर बसून काय चुकलं, का चुकलं हे बोललं जायचं. आमच्या वेळी चुकलं की चारचौघांत बोलणी बसायची, आणि "का" विचारायची सोय नव्हती. यंत्रं घेतली आणि शिक्षक कमी केले, तर या आकड्याचा काही उपयोग नाही, असं माझं मत.

आता माझी फजिती सांगते. हनुक्काच्या सुट्टीत नात सहज म्हणाली, "आजी, रात्री किती उशा घेतेस?"

"एक," मी म्हटलं.

ती उठून माझ्या खोलीत गेली. तीन उशा होत्या. परत आली, खाली बसली, माझा मोजा उतरवून घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. मी अडतीस वर्षं लोकांना हाच प्रश्न विचारला, हाच अंगठा दाबला! आणि स्वतःला सांगत होते, वय झालं, उन्हाळ्यापासून जरा पाय जड होतात.

डॉक्टरांनी एको काढला. हृदयाचा पंप कमी पडतोय. पाण्याची गोळी सुरू झाली, मीठ कमी, आणि रोज सकाळी वजन. पापड-लोणचं बंद, त्याचं दुःख वेगळंच.

मी तिला विचारलं, "हे तुला त्या म्हाताऱ्याने शिकवलं ना?" ती म्हणाली, "उशांचा प्रश्न त्याच्याकडून शिकले. पण तो खरं सांगतो गं. तू खोटं बोलतेस."

आता ती रोज सकाळी कॉलेजातून फोन करून वजन विचारते. परवा शेजारणीकडे लग्नाचं जेवण झालं होतं, म्हणून मी दोन पौंड कमी सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता.

"आजी, काट्याचा फोटो पाठव."