कांगारूंच्या देशातले कागद

ऑस्ट्रेलियाशी आमची ओळख क्रिकेटने करून दिली. मेलबर्न-सिडनीला कसोटी असली की आपल्याकडे पहाटे पाचला पहिला चेंडू पडतो. एरवी फजरसाठी तीन-तीन हाका मारूनही कूस न बदलणारी आमच्या घरातली पोरे त्या दिवसांत अजानच्या पाऊण तास आधी, गजराशिवाय, टीव्हीसमोर हजर असतात. आम्हीही असतो. पावसाने खेळ थांबला की करायचे काय, म्हणून आम्ही तिथली वर्तमानपत्रे चाळू लागलो आणि क्रिकेटपेक्षा त्यांचीच चटक लागली. खेळ अधूनमधून कंटाळवाणा होतो, तिथले राजकारण सहसा होत नाही.

पंतप्रधानांचेच घ्या. २०१० ते २०१८ या आठ वर्षांत चार वेळा पक्षातल्याच मंडळींनी चालू पंतप्रधानाला खुर्चीवरून उठवले. रड गेले, गिलार्डबाई आल्या. गिलार्डबाई गेल्या, रड परत आले. पुढे ॲबट गेले, टर्नबुल आले. टर्नबुल गेले, मॉरिसन आले. आपल्याकडे मोहल्ल्याच्या मशिदीचा मुतवल्ली बदलायला याहून जास्त वर्षे लागतात, आणि भांडणे तर विचारूच नका.

पण आज आम्हाला सांगायचे आहे ते कागदांबद्दल. सुरुवात दोन कुत्र्यांपासून करावी लागेल.

२०१५ साली जॉनी डेप हा हॉलिवूडचा नट चित्रीकरणासाठी तिकडे होता. खासगी विमानातून पत्नी अँबर हर्ड आणि पिस्टल व बू नावाची दोन इवलीशी कुत्रीही येऊन पोहोचली. बाहेरून येणारे जनावर आधी वेगळे ठेवायचे, तपासायचे, मगच देशात सोडायचे, असा तिथला कडक कायदा. ही कुत्री मात्र गुपचूप आत शिरली आणि केस कापायला नेली तेव्हा फोटोमुळे उघडी पडली. कृषिमंत्री होते बार्नबी जॉइस. त्यांनी साऱ्या जगासमोर दम भरला की कुत्री मुदतीत अमेरिकेला परत पाठवा, नाहीतर मारून टाकावी लागतील. कुत्री परत गेली. पुढच्या वर्षी हर्डबाईंनी कोर्टात गुन्हा कबूल केला, तो विमानतळावरच्या फॉर्मवर खोटी माहिती भरल्याचा. नवरा-बायकोने माफीचा व्हिडिओही काढला. त्यात दोघांचे चेहरे मास्तरांनी बाकावर उभे केलेल्या पोरांसारखे आहेत. कायदा सर्वांना सारखा, असे जॉइससाहेबांचे त्या वेळी फार कौतुक झाले.

आता २०१७ सालात या. जॉइससाहेब तोवर उपपंतप्रधान झालेले. १४ ऑगस्टला ते संसदेत उभे राहिले आणि त्यांनी सांगितले की आपण बहुधा न्यूझीलंडचे नागरिक आहोत. जन्म ऑस्ट्रेलियातल्या टॅमवर्थचा, सारी हयात ऑस्ट्रेलियात गेलेली, पण वडील न्यूझीलंडहून आलेले. तिकडच्या कायद्याने बापाचे नागरिकत्व लेकाला आपोआप चिकटले होते. कुत्र्यांचे कागद तपासणाऱ्या माणसाचे स्वतःचे कागद तपासायचे राहून गेले होते.

हे प्रकरण एवढे गंभीर का, तर त्या देशाच्या राज्यघटनेचे ४४वे कलम. घटना १९०१ साली अमलात आली. हे कलम म्हणते की ज्याची दुसऱ्या देशाशी निष्ठा किंवा नागरिकत्व आहे, त्याला संसदेवर निवडून येता येत नाही. एका वकिलाने जुने कागद धुंडाळायला सुरुवात केली आणि माळेचा धागा तुटावा तसे मणी घरंगळले. ग्रीन पक्षाचे लडलम न्यूझीलंडात जन्मलेले, लहानपणीच इकडे आलेले. त्यांनी राजीनामा दिला. चारच दिवसांनी त्याच पक्षाच्या लरिसा वॉटर्स. त्यांचा जन्म कॅनडातल्या विनिपेगचा, आईबाप दोघेही ऑस्ट्रेलियन, आणि बाळ वर्षाचे व्हायच्या आत कॅनडा सोडलेला. तरी कॅनडाने त्यांना आपली लेक मानून ठेवले होते. मग मंत्री मॅट कॅनवन. त्यांनी सांगितले की अम्मीने आपल्याला न विचारता इटलीच्या वकिलातीत आपले नाव नोंदवून टाकले. हे वाचून आमच्या बेगम म्हणाल्या, "आईने नाव नोंदवायचे नाही तर कुणी नोंदवायचे?" पुढे कोर्टाने कॅनवन यांना सोडले, आणि आईचीही अब्रू राहिली.

आमचे आवडते पात्र मात्र माल्कम रॉबर्ट्स. हे वन नेशन पक्षाचे सिनेटर. हवामान बदलतेय असे कोणी म्हटले की "पुरावा दाखवा" म्हणून त्याच्या मागे लागणारे. पक्ष कसला, तर बाहेरून येणाऱ्या माणसांना विरोध करणारा. आणि साहेबांचा जन्म कुठला? पश्चिम बंगालमधल्या दिसेरगडचा! म्हणजे जन्म हिंदुस्थानात, नागरिकत्व बापाकडून आलेले ब्रिटनचे, आणि राजकारण ऑस्ट्रेलियात परक्यांना रोखण्याचे. निवडणुकीआधी त्यांनी ब्रिटनकडे "मी अजून ब्रिटिश नागरिक आहे का?" अशी चौकशी ईमेलने केली होती, पण ज्या पत्त्यांवर केली ते पत्ते बंद पडलेले. पुरावा, पुरावा म्हणणाऱ्या गृहस्थांना आपला एक कागद वेळेत हाती आणता आला नाही. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायपीठाने एकमताने निकाल दिला. सातांपैकी पाच जण अपात्र. त्यात जॉइस होते, रॉबर्ट्सही होते. पंतप्रधान टर्नबुल आधी संसदेत छातीठोकपणे सांगत होते की न्यायालय जॉइस यांच्याच बाजूने निकाल देईल. पुढच्या काही महिन्यांत आणखी खासदार गळाले. एकूण आकडा डझनाच्या वर गेला.

वाचकहो, इथवर आम्ही पोट धरून हसलो. मग हसू जरा आटले.

कारण कागदांचा हा खेळ आपल्या घरात नवा नाही. आमच्या अब्बांच्या शाळेच्या दाखल्यावर शेख आहे, रेशन कार्डावर शेक, आणि सातबारावर तलाठ्याने काय लिहिले ते तलाठ्यालाच ठाऊक. अम्मी कुठे बी, कुठे बेगम, कुठे बानो. आमच्या घरात चौघांचा जन्म १ जूनचा आहे. पोराला शाळेत घालताना मास्तर तारीख विचारत, घरचे म्हणत "त्या साली पाऊस फार होता", आणि मास्तर १ जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्रात निम्म्या गावांचा वाढदिवस त्या दिवशी असतो आणि त्यात जातधर्म नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आसामच्या नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली, तेव्हा १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली. त्यात हिंदू होते, मुसलमानही होते. नावातल्या एका अक्षरामुळे अडकलेले होते, एकाच घरात बाप आत आणि लेक बाहेर असेही होते. त्या हिवाळ्यात आपल्यापैकी किती घरांत पत्र्याच्या पेट्या उघडल्या गेल्या, किती म्हाताऱ्यांना नातवंडांनी "दादी, तुझ्या बापाचे नाव नीट सांग" म्हणून छळले, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

जॉइससाहेबांना काय भोगावे लागले? खुर्ची गेली. न्यूझीलंडचे नागरिकत्व त्यांनी निकालाआधीच रीतसर सोडले होते, मग २ डिसेंबरला पोटनिवडणूक लढवली आणि दणदणीत मतांनी परत आले. पाच आठवड्यांत प्रकरण मिटले. "मला माहीत नव्हते" हे त्यांचे म्हणणे कोर्टाने ऐकून घेतले, मान्य मात्र केले नाही, आणि तरी कोणी त्यांना देशाबाहेर जा म्हटले नाही. ते योग्यच झाले. आम्हाला एवढेच वाटते की अशी नरमाई मंत्र्यांच्या पलीकडेही पोहोचावी.

छावण्या त्या देशाच्याही आहेत, आणि होडीतून आलेल्यांना तर नाऊरू आणि मानूस या दूरच्या बेटांवर ठेवले गेले. मानूसवरचे केंद्र ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झाले, म्हणजे त्या निकालानंतर चारच दिवसांनी. तिथे बेहरूझ बूचानी नावाचा इराणचा कुर्दी पत्रकार अडकला होता. त्याने मोबाइलवरून फारसीत संदेश पाठवून पाठवून एक अख्खे पुस्तक लिहिले. २०१९ च्या जानेवारीत त्या पुस्तकाला व्हिक्टोरिया राज्याचा सर्वांत मोठा साहित्य पुरस्कार मिळाला, एक लाख डॉलरचा. हा पुरस्कार एरवी तिथल्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळतो. त्याच्यासाठी नियमाला अपवाद केला. समारंभाला तो येऊ शकला नाही. पुस्तकाला व्हिसा मिळाला, लेखकाला नाही.

आता त्या ऑगस्ट महिन्यातली दुसरी गोष्ट. जॉइससाहेबांचा कबुलीजबाब सोमवारचा. त्याच आठवड्यात गुरुवारी, १७ तारखेला, वन नेशनच्या पुढारी पॉलिन हॅन्सन काळा बुरखा घालून सिनेटमध्ये येऊन बसल्या. या बाईंचे पूर्वी मासे आणि बटाट्याच्या चिप्सचे दुकान होते. १९९६ साली संसदेतल्या पहिल्या भाषणात त्यांनी आशियाई लोक देश बुडवणार असे सांगितले होते. २०१६ साली सिनेटमध्ये आल्यावर सांगितले, मुसलमान बुडवणार. वीस वर्षांत देश बुडाला नाही, फक्त बुडवणारे बदलले. बुरखा काढून त्यांनी विचारले, यावर बंदी घालणार की नाही? ॲटर्नी जनरल जॉर्ज ब्रँडिस हे उजव्या पक्षाचे, म्हणजे मते कमावायची तर गप्प बसण्यात त्यांचा फायदा. पण ते उठले, नाही म्हणाले, आणि एका समाजाच्या धार्मिक पोशाखाची अशी टर उडवणे किती वाईट आहे हे दाटल्या गळ्याने सुनावले. समोरचे विरोधक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. ते चित्रण आम्ही दोनदा पाहिले. बेगमनी एकदाच पाहिले आणि म्हणाल्या, "बुरखा घालून गादीवर बसायला काय लागते? घालून मंडईत मेथीचा भाव करून दाखव म्हणावं."

यातली खरी मौज नंतर कळली. बुरख्याखाली नक्की हॅन्सनबाईच आहेत ना, हे सभागृहात शिरण्यापूर्वी तपासले होते, असे सिनेटचे अध्यक्ष स्टीव्हन पॅरी यांनी त्या दिवशी सदस्यांना सांगितले. नोव्हेंबर उजाडला आणि हेच पॅरीसाहेब वडिलांकडून ब्रिटिश निघाले. त्यांनाही घरी जावे लागले. ज्या बाईचे तोंड झाकलेले होते तिची ओळख पक्की होती. उघड्या तोंडाने अध्यक्षाच्या आसनावर बसलेल्या गृहस्थांचीच काय ती बाकी होती.

हॅन्सनबाईंनी २०२५ च्या नोव्हेंबरात तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी सभागृहाने त्यांना कामकाजाच्या सात दिवसांसाठी बाहेर बसवले. महिनाही लोटला नाही तोच त्यांच्या पक्षात एक नवे खासदार दाखल झाले. त्यांचे नाव बार्नबी जॉइस.

एक शंका आमच्या मनात राहून राहून येते. खासदार व्हायला दुसऱ्या देशाचे नागरिकत्व चालत नाही. मग त्या देशातली बहुतेक मोठी वर्तमानपत्रे ज्यांच्या घराण्याच्या ताब्यात आहेत, ते रूपर्ट मर्डोक? मूळचे मेलबर्नचे. १९८५ साली अमेरिकेत टीव्ही केंद्रे घेता यावीत म्हणून ते अमेरिकन नागरिक झाले. म्हणजे संसदेत एक मत द्यायला अमेरिकन माणूस चालणार नाही, पण रोज सकाळी लाखो लोकांचे मत बनवायला चालेल. ४४व्या कलमात वर्तमानपत्रांचा उल्लेख नाही. १९०१ साली कोणाला सुचले नसावे.

१९०१ साली दुसरे पुष्कळ सुचले होते म्हणा. त्याच वर्षी गोऱ्यांखेरीज इतरांना रोखणारा कायदा झाला. कातडीचा रंग कायद्यात लिहिणे बरे दिसत नाही, म्हणून युक्ती काढली ती शुद्धलेखनाची. नको असलेल्या माणसाला कोणत्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचा उतारा घालायचा. इंग्रजी येते? मग दुसऱ्या भाषेत घ्या. १९३४ साली एगॉन किश या झेक पत्रकाराला रोखायचे होते. त्याला इतक्या भाषा येत होत्या की शेवटी स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत परीक्षा घेतली. तो नापास झाला, पण कोर्टाने सांगितले की या कायद्यापुरती गेलिक ही युरोपीय भाषाच नव्हे. किश सुटला. रागावले ते स्कॉटिश लोक! ही परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात होती.

त्या कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्यांत आपल्याकडची माणसेही होती. १८६० पासून उंटांबरोबर उंटवाले तिकडे नेले गेले. बलुच, पठाण, पंजाबी, सिंधी अशा साऱ्यांना तिथे सरसकट 'अफगाण' म्हणत. रस्ते नव्हते तेव्हा वाळवंटातून तारायंत्राचे खांब, पाणी, लोकर, सारे यांनीच वाहिले. वस्तीच्या कडेला पत्र्याच्या आणि मातीच्या मशिदी बांधल्या. ॲडलेडची दगडी मशीद १८८८ ची आहे आणि आजही तिथे नमाज होते. यांतल्या कितीकांनी आयुष्य तिथे घालवून नागरिकत्वाचा अर्ज केला आणि तो फेटाळला गेला. त्यांच्याही आधी इंडोनेशियातले मकासरचे मुसलमान कोळी समुद्रकाकड्या गोळा करायला दर साली उत्तर किनाऱ्यावर येत. तिथल्या योल्ङु आदिवासींच्या भाषेत पैशाला अजून 'रुपिया' म्हणतात. हे कळल्यापासून आमच्या धाकट्याने खाऊसाठी पैसे मागताना हेच कारण पुढे करायला सुरुवात केली आहे.

त्या उंटवाल्यांचे नाव एका आगगाडीला मिळाले आहे, द घॅन. अफगाणचे शेपूट. ॲडलेडहून डार्विनला जाते, जवळपास तीन हजार किलोमीटर, आणि डब्यात हॉटेलसारखी सोय. गाडीचे चिन्ह उंट आणि त्यावर बसलेला माणूस. आम्ही हौसेने तिकिटाचा दर काढून बेगमना सांगितला. त्यांनी मनातल्या मनात डॉलरचे रुपये केले आणि म्हणाल्या, "एवढ्यात उमरा होऊन येईल."