आधी व्होल्ट मोजा
चेन्नईत अण्णा सालईलगतच्या रिची स्ट्रीटवर इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. तिथे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा नवा बोर्ड सहज मिळतो, म्हणून जुना फेकायची घाई नको. रास्पबेरी पाय ३ किंवा ४ चा लाल दिवा लागतोय, हिरवा लुकलुकत नाही? मग बहुधा मेमरी कार्डच गेलंय. दुसऱ्या कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बघा. लाल दिवाही नसेल तर आधी चार्जर-केबल बदला. मग मल्टिमीटरचा काळा प्रोब सहाव्या पिनवर, लाल दुसऱ्या पिनवर (बोर्डाच्या कडेच्या पिनांपैकी) ठेवा: ५ व्होल्ट हवेत. सेन्सर जोडायच्या पिना मात्र ५ व्होल्ट सोसत नाहीत. वर्गात हा बोर्ड वापरत असाल तर मुलांना हे पहिल्याच तासाला शिकवा, कळकळीनं सांगतो. ५ व्होल्ट येत असूनही पहिल्या पिनवर ३.३ व्होल्ट नसतील, तर पॉवरची चिप गेल्याचा संशय घ्यावा. ती बदलायला हॉट एअर गन आणि सरावलेला हात लागतो.