कसम परेडचे साक्षीदार

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दीक्षान्त संचलन वर्षातून दोनदा होते, आणि 30 मे 2025 रोजी तेथून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा ठाणे-डोंबिवलीच्या घराघरांत तिचे कौतुक झाले, हे सर्वथैव यथोचितच होते. परंतु बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या केंद्रात जो साधा शिपाई निष्ठेची शपथ घेऊन पलटणीत रुजू होतो, त्याच्या कसम परेडची वार्ता आपल्या शहरांपर्यंत क्वचितच पोहोचते, ही गोष्ट मला मनापासून खटकते. 1768 पासूनचा इतिहास असलेल्या या रेजिमेंटला दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर लाभलेले दोन्ही व्हिक्टोरिया क्रॉस कोणा बड्या अधिकाऱ्याचे नव्हेत: 1944 मध्ये धारातीर्थी पडलेले यशवंत घाडगे नाईक होते, आणि 1945 मध्ये गोळ्यांच्या वर्षावातून जखमी सोबत्यांना वाहून आणणारे नामदेव जाधव हुद्द्याने केवळ शिपाई.

कल्याणच्या कोळसेवाडीत वाढलेला माझा भाचा अग्निवीर म्हणून भरती झाला, त्याच्या कसम परेडला बहीण आणि मेहुण्यांसोबत मीही गेलो होतो. राष्ट्रध्वज आणि धर्मग्रंथ यांच्या साक्षीने, खुश्की, दर्या वा हवाई मार्गाने जेथे हुकूम होईल तेथे प्राणांची पर्वा न करता जाईन, असे त्या पोरांनी एका आवाजात म्हटले. नंतर आईवडिलांना गौरव पदके देण्यात आली. बहिणीच्या ठेवणीतल्या पैठणीच्या जाड काठातून पिन शिरेना, तेव्हा सुभेदारसाहेबांनी अदबीने पदक तिच्या हातात दिले, आणि तिने ते स्वतःच, जरा वर, साध्या पोतावर लावले. मेहुणे, जे घरात सहसा बोलत नाहीत, ते शेजारच्या अनोळखी बापाला मुलाची तुकडी कोणती, हे बोट दाखवून सांगत होते. शपथ एकट्या मुलाने घेतली असली, तरी लष्कराने त्या घरालाही आपल्या व्यवहारात सामील करून घेतले होते, आणि असे प्रसंग पाहण्यासाठी कारखान्या-कचेऱ्यांनी आईवडिलांना विनातक्रार रजा मंजूर केली पाहिजे.

त्या शपथेत चार वर्षांची मुदत नाही. नोकरीला मात्र आहे. 2022 च्या योजनेप्रमाणे चौथ्या वर्षानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीर कायम होतील, आणि उरलेले सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवानिधी घेऊन, पंचविशीच्या आत-बाहेर, घरी परततील. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे 2026 च्या अखेरीच्या सुमारास पुरी होत आहेत. डोंबिवलीत घरडा सर्कलला कॅप्टन विनयकुमार सच्चान यांचे स्मारक आहे, आणि हुतात्म्याचा मान राखणाऱ्या या नगराने जिवंत परतणाऱ्याच्या उपजीविकेचीही तितक्याच आस्थेने तजवीज करावी, असे माझे आग्रहाचे मागणे आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी आपल्या हद्दीतून भरती झालेल्या प्रत्येक अग्निवीराची नोंद दप्तरी ठेवावी, अग्निशमन आणि आपत्ती निवारण या खात्यांत त्यांच्यासाठी जागा राखाव्यात, औद्योगिक वसाहतीतील कारखानदारांना या कामी विश्वासात घ्यावे. आणि हे सारे तो पोर परत येऊन दारोदार अर्ज करू लागल्यावर नव्हे, तर बेळगावच्या मैदानावर तो शपथ घेतो त्याच महिन्यात सुरू व्हावे.