हेड वाळण्याआधी निर्लेखन करा

नाकाडोंगरीहून एका वाचकाने पाठवलेले पत्र आमच्यासमोर आहे. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींच्या पट्ट्यात हा तरुण पीव्हीसी ओळखपत्रे आणि सबलिमेशनचे मग छापतो. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईसाठी टी-शर्टची मागणी येते, म्हणून त्याला आणखी एक मशीन हवे होते. एका शासकीय कार्यालयाच्या लिलावात त्याने इंक टँक प्रिंटरचा लॉट घेतला. नोंदवहीत शेरा होता, ‘चालू स्थितीत जमा’. घरी आणून नोझल चेक काढला, तर काळ्याच्या चार तुटक रेघा उमटल्या आणि बाकी कागद कोरा राहिला. डॅम्परमध्ये शाईचा चिकट गोळा झाला होता आणि कॅपिंग स्टेशनची रबर कडक पडली होती. लॉटमधले एकही मशीन वाचले नाही.

अशाच तक्रारी इतर वाचकांकडूनही आल्या आहेत, म्हणून हे संपादकीय.

आपल्या धंद्यात एका मशीनमध्ये एकच शाई चालते. कार्डाच्या डाय शाईचे मशीन सबलिमेशनला लावले की ते परत फिरत नाही, आणि डीटीएफची पांढरी शाई तर दुसऱ्या कशालाच जागा देत नाही. तीन प्रकारची कामे करायची तर तीन मशीन लागतात. ती सगळी नवी घेणे खेड्यातल्या मुद्रकाला परवडत नाही. त्याचा सगळा हिशेब जुन्या मशीनवर उभा असतो. पुन्हा एचपी आणि कॅननच्या थर्मल हेडवर सबलिमेशन चालत नाही. एपसनचे पिझो हेडच लागते. सहा रंगांची एल805 किंवा एल1800 मिळाली तर उत्तमच, पण कार्यालयात पत्रे छापणारी चार रंगांची एल130 किंवा एल3110 सुद्धा मगाच्या कामाला पुरते. म्हणजे आपल्याला हवा तो माल सरकारी कपाटांमागे पडून आहे.

तो तिथे मरतो, कारण निर्लेखनाला मुदत नाही. प्रिंटर बाजूला ठेवला जातो, जडवस्तू नोंदवहीत शेरा पडतो आणि मग समितीच्या बैठकीची वाट पाहिली जाते. दरम्यान प्रभारी बदलतो, नवा अधिकारी आधीच्याच्या सहीची जबाबदारी घेत नाही आणि फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर येते. लाकडी टेबल या काळात टेबलच राहते. इंकजेटचे तसे नाही. भंडाऱ्याच्या मे महिन्यात बंद खोलीत शाई भरलेले मशीन पडून राहिले, तर एका उन्हाळ्यात हेड जाम होते. ज्या मशीनवर एखादे घर चालले असते ते भंगाराच्या वजनाने जाते, आणि यात सरकारी तिजोरीचेही नुकसानच होते.

यावर अधिकारी ई-कचरा नियमांकडे बोट दाखवतात. ते नियम त्यांनी पुन्हा वाचावेत. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या 2022 च्या नियमांत प्रिंटर येतो, हे खरे. पण त्याच नियमांत केवळ तोडणारा रिसायकलर नाही, तर वस्तू दुरुस्त करून तिचे आयुष्य वाढवणारा नोंदणीकृत रिफर्बिशरही आहे. कचरा म्हणून टाकून दिलेली वस्तू हा ई-कचरा होय. चालू मशीन वापरासाठी विकायला काढले, तर ते कचरा ठरत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याला आधी वाळू देऊन मग कचरा ठरवणे हे कोणत्याही नियमात बसत नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. इंकजेट बाजूला ठेवल्यापासून एका महिन्यात निर्लेखनाचा निर्णय व्हावा. चालू प्रिंटर मोडके मॉनिटर आणि यूपीएसच्या ढिगात न घालता त्यांचा लहान, वेगळा लॉट करावा. लॉटसोबत तारखेसह नोझल चेकचा कागद लावावा. लिलाव होईपर्यंत आठवड्याला एक रंगीत पान काढावे; शिपायाच्या पाच मिनिटांचे हे काम आहे.

आता थोडे आपल्यातल्यांविषयी. सबलिमेशनला वापरलेले मशीन ‘फोटो प्रिंटर’ म्हणून खपवणारे आपल्यातच आहेत. हे बंद झाले पाहिजे. घेणाऱ्याने छापलेला कागद पांढऱ्या पॉलिएस्टरवर ठेवून हीट प्रेसखाली दाबावा; रंग कापडात उतरला तर आत कोणती शाई फिरली ते कळते. एका नोझल चेकवर पैसे मोजू नका. तो झाल्यावर प्रत्येक रंगाचे भरीव पान काढा आणि लगेच दुसरा नोझल चेक घ्या. डॅम्परमधली हवा तेव्हाच उघडी पडते. वेस्ट पॅडचा काउंटर पाहा. तो नुसता रिसेट केलेला असेल, तर पॅड ओला आहे का हेही पाहा. कार्डासाठी घेत असाल तर ट्रे ताब्यात घेतल्याशिवाय व्यवहार करू नका. ट्रान्सपोर्ट लॉक असेल तर तो लावूनच मशीन हलवा. आणि केकवरच्या खाद्य शाईसाठी जुने मशीन कधीही घेऊ नका. आत उरलेली शाई कोणाच्या तरी लेकराच्या पोटात जाते.

जुना माल विकणारे काही व्यापारी ‘18 टक्के कर पडेल’ म्हणून बिल नाकारतात. नोंदणीकृत व्यापाऱ्याने खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतलेले नसेल आणि मशीनचे मूळ रूप बदललेले नसेल, तर जीएसटीच्या नियम 32(5) प्रमाणे कर खरेदी-विक्रीतल्या फरकावरच पडतो. ही सबब ऐकून घेऊ नका, बिल मागा.

तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, जिथे असाल तिथे चार-पाच जण एकत्र या. एकट्याला मोठा लॉट आणि अनामत झेपत नाही, गटाला झेपते. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक कार्यालयाला या महिन्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात दोनच गोष्टी विचारा: प्रिंटर बाजूला कधी ठेवला आणि निर्लेखन कधी झाले. उत्तरांच्या प्रती आमच्याकडे पाठवा. त्या तारखा आम्ही छापू आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवू. नाकाडोंगरीच्या मित्राचे पैसे बुडाले ते बुडाले. पुढच्या उन्हाळ्याआधी हे काम झाले नाही, तर पुढचा लॉट तुमच्यापैकी कोणाच्या तरी गळ्यात पडेल. अर्ज आजच लिहा.