खटक्याला पेन्शन

जुन्या व्हॉल्व्हच्या हॅम सेटचा खटका कुरकुरला, की आमचे मित्र स्प्रे घेऊन धावतात. अहो, जळका कॉन्टॅक्ट फवाऱ्याने बरा होता, तर मोतीबिंदूला गुलाबपाणी पुरलं असतं! सेट लावताना थंड फिलामेंट आणि रिकामे कपॅसिटर क्षणभर दणकून करंट ओढतात. तो मारा खटका वर्षानुवर्षं सोसतो. त्यातून पुष्कळ सेटांत तो व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीवर. तसाच पॉट आता शोधत फिरा! म्हणून म्हणतो, त्याला ‘ऑन’वर ठेवून पेन्शन द्या. काम भिंतीवरच्या बटणाला सांगा. ते कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं. “अस्सलपणा गेला!” म्हणणाऱ्यांनी दोन खटके मोडले. माझा अस्सलच आहे. मी त्याला हातच लावत नाही.